आठवारी

ताईचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात मान खुपसून बसलो होतो. थोडक्यात उत्तरे मागितली असता मुलांनी दिलेली अघळपघळ उत्तरे वाचून डोके आधीच शिणले होते. त्यात ताईचा आवाज टिपेला पोचलेला.

"अरे, तुझा भाचा घागरा घालून बोहल्यावर उभा राहणार म्हणतोय! तूच समजाव त्याला. तुझं ऐकतो तो."

भाचा स्कॉटलंडात इन्व्हर्नेस या गावी संगणकाच्या नोकरीत आहे आणि तिथल्याच एका मुलीशी त्याचे लग्न ठरले आहे, एवढे मला ठाऊक होते. घागऱ्याची बातमी नवीन होती. थोड्या वेळाने उलगडा झाला. घागरा म्हणजे किल्ट. स्कॉटिश पुरुषांचे ते चौकड्यांच्या लोकरी कापडाचे, गुडघ्यापर्यंतचे वस्त्र. मुलीकडचे सगळे पुरुष किल्टमध्ये असणार, तेव्हा आपणही किल्टच घालणार, असे चिरंजीवांनी जाहीर केले होते.

रात्री मी त्याला फोन केला. समजावणे बाजूलाच राहिले. उलट त्यानेच माझ्यावर बाजू उलटवली.

"मामा, मी किल्ट घालतो, तू धोतर नेस. मराठीचा प्राध्यापक ना तू? माझ्या बाजूनं कुणीतरी आपल्या वेषात हवंच. नाहीतर ते लोक म्हणतील, यांच्याकडं स्वतःचं असं काहीच नाही."

बाण बरोबर वर्मी लागला. मी "बघू" म्हटले. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र दुसऱ्याच दिवशी लक्ष्मी रस्ता गाठून एक धोतर आणले. शिवलेले. कमरेला इलॅस्टिक, आत खिसा आणि समोर चक्क चेन! निऱ्यांना टीप मारून ठेवलेली. विजारीसारखे दोन पाय घालायचे की झाले धोतर. "तुम्हाला कुठं नेसता येतंय?" असे म्हणून तिने ते बॅगेत भरले. मी काही बोललो नाही, कारण ते खरे होते.

आम्ही आधी एडिंबरोला उतरलो. राजवाड्यापासून किल्ल्यापर्यंत चढत जाणारा रॉयल माइल नावाचा जो जुना रस्ता आहे, त्यावर किल्टांची दुकानेच दुकाने. बाहेर टांगलेले स्वस्त किल्ट हातात घेऊन पाहिले तर लोकर नावालाही नाही, सगळा कृत्रिम धागा. कोपऱ्यावर एक जण पूर्ण वेषात बॅगपाइप वाजवीत उभा आणि त्याच्या पुढ्यात नाण्यांची पेटी. त्याला सोडले तर दोन दिवसांत त्या शहरात किल्ट घातलेला माणूस मला दिसला नाही. बँकेतून बाहेर पडणारी माणसेसुद्धा टोपीवाले सदरे आणि पळायचे बूट घालून हिंडत होती. गळ्यात टाय म्हणून नाही. साहेबाच्या देशात साहेबच दिसेना! लहानपणी पाहिलेल्या चित्रांतला इंग्रज आणि हा समोरचा माणूस यांचा मेळ बसवताना माझी तिरपीट उडाली. आपल्याकडे निदान लग्नाच्या मांडवात तरी माणसे कोट घालून घामाघूम होतात.

तिथून आगगाडीने उत्तरेला निघालो. साडेतीन तासांचा तो प्रवास म्हणजे डोळ्यांना मेजवानी आहे. पण त्याचे वर्णन करीत बसलो तर लग्न चुकेल. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ याच उत्तर स्कॉटलंडातला, बॅन्फ गावचा, एवढे मात्र गाडीत बसल्याबसल्या आठवले आणि उगीचच परका मुलूख थोडा ओळखीचा वाटू लागला.

इन्व्हर्नेसच्या फलाटावर भाच्याबरोबर नवऱ्या मुलीचे आजोबा आले होते. वय चौऱ्याऐंशी, काठीसारखे ताठ. अंगात कोपरावर रफू केलेला जाड स्वेटर, पायांत गुडघ्याखालपर्यंत लोकरी मोजे, आणि कमरेला किल्ट. दुकानात पाहिलेल्या किल्टासारखा भडक नव्हे. निळ्या-हिरव्या चौकड्या वापरून वापरून मवाळ झालेल्या, जुन्या इरकलीचा रंग होतो तशा. आम्ही नमस्कार-चमत्कार करतो आहोत तोच दोन प्रवासी मुली धावत आल्या आणि त्यांच्याबरोबर फोटो काढून घेऊन गेल्या. एकीने जाता जाता विचारले, "लग्नाला निघालात का?"

"लग्न शनिवारी आहे," आजोबा म्हणाले. "आज बुधवार आहे म्हणून हा घातलाय."

तिला विनोद कळला नाही. मला तो रात्री अंथरुणात पडल्यावर कळला. या माणसाचा किल्ट समारंभाचा नव्हता, बुधवारचा होता. खाटकाकडे जायचा, दूध आणायचा, बागेत माती उकरायचा. आणि नेमका तोच आता गावाला चमत्कारिक वाटत होता. शनिवारी साऱ्या मांडवाने किल्ट घातला असता तर कोणी वळूनही पाहिले नसते. एकट्याने बुधवारी घातला की फोटो! आपल्याकडे नाही का, नऊवारी नेसलेली बाई लोकलमध्ये चढली की "काय, कार्यक्रम आहे वाटतं?" असे शेजारीण हमखास विचारते? तिच्या आजीला असे कोणी विचारले नसते.

आजोबांना मी प्राध्यापक आहे याचे भारी कौतुक. संध्याकाळी चहाच्या वेळी, म्हणजे रात्रीचे नऊ वाजले तरी लख्ख उजेड असताना, त्यांनी मला प्रश्न केला, "प्रोफेसर, किल्टाला तुमच्या भाषेत क्रियापद कोणतं?"

असा प्रश्न मला गेल्या वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही! मी खुलून सांगू लागलो. मराठीत साडी नेसतात, धोतर नेसतात, सदरा घालतात, पागोटे बांधतात, शाल पांघरतात. जे कापड अखंड असते आणि अंगाभोवती रोज नव्याने रचावे लागते ते नेसायचे. जे शिंप्याने एकदाच रचून ठेवले ते घालायचे. इंग्रजीत या सगळ्यांना एकच क्रियापद. आता किल्टाला निऱ्या आहेत, पण त्या शिवून टाकलेल्या, वर पट्टे आणि बकला. म्हणजे किल्ट घालायचा.

आजोबांनी मान हलवली. "पूर्वी नेसत होते," ते म्हणाले.

आणि ते खरेच आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डोंगराळ उत्तर भागातले गेलिक बोलणारे लोक जो वेष करीत त्याचे नाव 'मोठा फेला'. तो म्हणजे चारपाच वार लांब असे नुसते लोकरी कापड. निम्मे कमरेभोवती चुण्या घालून पट्ट्याने आवळायचे, उरलेले खांद्यावर टाकायचे. पाऊस आला की तेच डोक्यावरून घ्यायचे, रात्री रानात मुक्काम पडला की तेच पांघरून झोपायचे. आमच्या धनगराच्या घोंगडीचा हा चुलतभाऊच म्हणायचा. पुढे अठराव्या शतकात वरचा निम्मा भाग गळाला आणि खालचा राहिला, तो 'छोटा फेला'. मग केव्हातरी त्याच्या निऱ्या शिवल्या गेल्या, आणि नेसायचे वस्त्र घालायचे झाले.

येथे एक चावट ऐतिहासिक वाद आहे. हा छोटा किल्ट एका इंग्रजाने शोधून काढला असे म्हणतात! टॉमस रॉलिन्सन नावाचा लँकेशरचा एक क्वेकर कारखानदार इन्व्हर्नेसच्या जवळच इन्व्हरगॅरीला लोखंड गाळायची भट्टी चालवीत असे. मजुरांना मोठा फेला भट्टीपाशी अडचणीचा होतो म्हणून त्याने १७२०-३० च्या सुमारास वरचा भाग कापून टाकवला, अशी कथा त्याच शतकात छापली गेली. आणि इतिहासकार ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ती पुन्हा उचलून धरून स्कॉटिश लोकांचा रोष ओढवून घेतला. इतर अभ्यासक म्हणतात, त्याआधीही लोक निम्मा फेला नेसत होतेच. मी हा विषय भीतभीतच काढला. आजोबा शांतपणे म्हणाले, "इंग्रजानं कापला असेल तर कापला असेल. अंगावर थंडी आम्हीच काढली."

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला कलोडनच्या माळावर घेऊन गेले. इन्व्हर्नेसपासून पाचसहा मैलांवरचा हा माळ म्हणजे त्यांचे पानिपत. १६ एप्रिल १७४६ ला राजपुत्र चार्ल्स स्ट्युअर्टच्या सैन्याचा येथे तासाभराच्या आत निकाल लागला. लाल आणि निळ्या निशाणांनी दोन्ही फौजांच्या फळ्या दाखवल्या आहेत. गवतात उंचवटे आहेत आणि त्यांच्यापुढे कुळांची नावे कोरलेले ओबडधोबड दगड. एकेका कुळाची माणसे एकेका खड्ड्यात. आपल्या पानिपताला आणखी पंधरा वर्षे अवकाश होता.

पराभवानंतर जे झाले ते मला अधिक भेदक वाटले. १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडातल्या पुरुषांना आणि मुलांना डोंगरी वेष करण्याची बंदी झाली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग. दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षे समुद्रापार मळ्यांवर रवानगी. का? तर एक कापड कमरेला गुंडाळले म्हणून! सूट होती ती फक्त राजाच्या सैन्यात असलेल्यांना. म्हणजे ज्या वेषाबद्दल गावात बेड्या पडत, तोच वेष राजासाठी मरायला निघालेल्याला सरकारी खर्चाने मिळत होता. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माणसांची पारख होती, एवढे कबूल केले पाहिजे.

कायदा उठला १७८२ साली. मध्ये छत्तीस वर्षे गेली होती. बंदी आली तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आता शेहेचाळीस वर्षांचा बाप्या झाला होता आणि विजारीला सरावला होता. परवानगी मिळाली, पण सवय परत कोठून मिळणार? गरीब डोंगरी शेतकरी किल्टाकडे फारसा वळलाच नाही. तो उचलला शहरातल्या खानदानी मंडळ्यांनी. एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात ग्लेनगॅरीच्या मॅकडॉनेलचे, रेबर्न या चित्रकाराने १८१२ च्या सुमारास काढलेले पुरुषभर उंचीचे चित्र आहे. टार्टनमध्ये मढलेला, बंदूक टेकवून उभा असलेला सरदार. हाच गृहस्थ जुन्या डोंगरी रीतींचा कैवारी म्हणून मिरवत असे, आणि याच्याच जमिनीवरून मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळे हुसकली जात होती. वेष राहिला, नेसणारे बोटीत बसून कॅनडाला गेले.

आणि मग १८२२ चा ऑगस्ट. राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. त्या स्वागताचा सूत्रधार सर वॉल्टर स्कॉट. आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या संदर्भात ज्याचे नाव आपण घेत आलो तोच हा स्कॉट. तो स्वतः सखल प्रदेशातला. त्याच्या वाडवडिलांच्या शहरात डोंगरी वेष म्हणजे चोरचिलटांचा वेष मानला जाई. पण स्कॉटने अख्ख्या नगरीला टार्टनमध्ये उभे केले. मेजवानीच्या नाचाला यायचे तर लष्करी गणवेष किंवा डोंगरी वेष, तिसरे चालणार नाही, असे फर्मान निघाले. राजाचे शरीर अघळपघळ. तो आखूड किल्ट आणि त्याखाली मांसाच्या रंगाचे तंग मोजे घालून आला. त्या पोषाखाचे बिल झाले एक हजार तीनशे चौपन्न पौंड अठरा शिलिंग! व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. परंतु हसता हसता एक गोष्ट होऊन गेली. एका कोपऱ्यातल्या डोंगरी माणसांचा वेष साऱ्या स्कॉटलंडचा राष्ट्रीय वेष झाला.

अमक्या कुळाचा अमका टार्टन हे शास्त्रही बरेचसे याच काळातले. बॅनकबर्नचे विणकर विल्सन नमुन्यांच्या वह्या ठेवून मागणीप्रमाणे कापड पुरवीत. पुढे १८४२ साली दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे म्हणून टार्टनांचा एक जाडजूड ग्रंथ काढला. ते हस्तलिखित कोणी कधी नीट पाहिलेच नाही. आज मात्र सगळे रीतसर आहे. २००८ च्या कायद्यानुसार सरकारी नोंदवही आहे, नवा नमुना असेल तर कोणीही नोंदवू शकतो, आणि तिथल्या शिखांनी 'सिंग' नावाचा टार्टनही करून घेतला आहे. हे ऐकल्यावर ताईचा निम्मा राग उतरला. "म्हणजे आपल्यासारख्यांना चालतो तर," ती म्हणाली. मग लगेच, "पण त्या मोज्यात सुरी कसली खोचतात रे? लग्नात सुरी?" ती सुरी म्हणजे स्गियन डू. उजव्या मोज्यात तिची मूठ तेवढी दिसेल अशी ठेवतात. ताईने लिंबू टोचायची कट्यार मनात आणली असावी. ती गप्प बसली.

माळावरून परतताना मी आजोबांना विचारले, हल्ली लोक इतके ढिलेढाले कपडे घालतात, टाय गेला, टोपी गेली, मग हा किल्ट टिकणार कसा? मला वाटले होते, म्हातारा आता नव्या पिढीवर तोंडसुख घेईल. पण तसे झाले नाही.

"उलट आहे," ते म्हणाले. "माझ्या लग्नात निम्म्याहून अधिक पुरुष साध्या सुटात होते. परवा बघा, एक सूट दिसला तर सांगा."

याचा मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटते त्यांचे निदान बरोबर आहे. ढिलाईने मेला तो सूट. ज्याच्या कपाटात रोजचा कोटच उरला नाही, तो लग्नाला काय घालणार? सुटाची गादी रिकामी झाली आणि तिच्यावर किल्ट जाऊन बसला. १९९८ साली स्कॉटलंडचा फुटबॉल संघ विश्वचषकाच्या पहिल्या सामन्याआधी पॅरिसच्या मैदानावर किल्ट घालून चालत आला होता. संघाचे पाठीराखे तर किल्टावर फुटबॉलचा बनियनसारखा सदरा आणि पायांत डोंगर चढायचे बूट, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, अशा अवतारात देशोदेशी हिंडतात. डेनिमचे किल्टही निघाले आहेत, खिसेवाले. आजोबांना यातल्या कशाचाच विटाळ नाही. "पोरं निदान त्यात पळतात, पडतात, भिजतात. कपडा असाच वापरायचा असतो." त्यांची तक्रार निराळीच होती. भाड्याच्या किल्टाबद्दल. शनिवारी सकाळी पेटीतून काढायचा, सोमवारी दुकानात परत. सगळे सामान आलेले, जाकिटापासून मोज्यांच्या फितीपर्यंत. "त्यात त्यांना बसता येत नाही हो," ते म्हणाले. "आखडून उभे असतात बिचारे."

भाच्याने भाड्याचाच किल्ट ठरवला होता. तो ऐकत होता. त्याने हळूच खिशातून फोन काढला, आणि मला वाटते, ठरवलेला किल्ट त्याने तेव्हाच नको म्हणून कळवले.

शुक्रवारी सकाळी आजोबांनी आपल्या लग्नातला किल्ट पेटीतून काढला. मी हातात घेऊन पाहिला आणि चाटच पडलो. वजन दोन किलोच्या आसपास. समोरून दोन सपाट पदर एकावर एक, आणि मागे सगळ्या निऱ्या. अशा घातलेल्या की निरी मिटली तरी कापडावरची चौकट मोडू नये, पुढची रेघ मागच्या रेघेला बरोबर मिळावी. हे सारे हाताने शिवलेले. कापड किती लागते म्हणून विचारले, तर उत्तर आले: आठ वार.

"आठवारी!" ताई एकदम म्हणाली. "अगंबाई, म्हणजे आपल्यापेक्षा एकच वार कमी!" त्या क्षणापासून तिने घागरा हा शब्द पुन्हा उच्चारला नाही.

मग शिकवणी सुरू झाली. आधी मोजे आणि बूट, कारण किल्ट चढवल्यावर वाकणे शोभत नाही. किल्ट विजारीसारखा ओटीपोटावर नाही, थेट बेंबीपाशी. आतला पट्टा कापडातल्या फटीतून बाहेर काढून बकलात. पुढच्या पदराची कड उजवीकडे. गुडघे टेकून बसून पाहायचे. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर आली पाहिजे. पुढे लटकणारी स्पोरन म्हणजे चामड्याचा बटवा, कारण किल्टाला खिसा नसतो. तिथवर सगळे ठीक झाले. पण बसायची वेळ आली आणि आमचा कोथरुडात वाढलेला, जन्मभर जीन्स घातलेला वीर खुर्चीत धपकन बसला. निऱ्यांचा चुराडा.

"उठा," आजोबा म्हणाले. "बसताना हात मागं न्यायचा. निऱ्या खालून अशा सरळ करायच्या. आणि गुडघे जवळ." भाचा उठला, बसला. पुन्हा उठला, बसला. दहाव्यांदा हात आपोआप मागे गेला. ताई टक लावून पाहत होती. लहानपणी आईने आम्हाला, विशेषतः तिला, पहिली साडी नेसवून अशीच उठबस करायला लावली होती, हे मला आठवले आणि तिलाही आठवले असावे.

भाचा तयार झाला. आजोबा माझ्याकडे वळले. "प्रोफेसर, आता तुमचं. ते न शिवलेलं कापड. मला बघायचंय कसं नेसतात ते."

वाचकहो, मी बॅगेतून धोतर काढले. त्यांनी ते उलटे केले, सुलटे केले. चेन खालीवर ओढून पाहिली. काही बोलले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर जो सभ्य संकोच आला तो मी विसरणार नाही. 'नेसणे' या क्रियापदावर दोन दिवसांपूर्वी प्रवचन झोडणारा मी!

खरे सांगायचे तर मला धोतराची लाज नवी नव्हती. या वेळी ती उलट्या दिशेने आली एवढेच. माझे वडील वाईजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. शाळेत, शेतावर, तालुक्याला, सगळीकडे धोतर आणि टोपी. २००३ साली मला एम. ए.ची पदवी मिळाली. समारंभाला अण्णा येणार होते. मी आदल्या दिवशी फोन केला आणि म्हटले, "अण्णा, तेवढी विजार घाला ना. इथं सगळे…" वाक्य पुरे केले नाही. त्यांनीही करायला लावले नाही. आले ते चुलतभावाची विजार घालून. कमरेला ढगळ, म्हणून एका हाताने सारखी वर ओढीत होते. त्या दिवशीचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. मी विद्यापीठाच्या काळ्या झग्यात, जो भाड्याचा होता, आणि ते मागून आणलेल्या विजारीत. त्यानंतर ते पुण्याला माझ्याकडे कधीही धोतर नेसून आले नाहीत. मी त्याबद्दल त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. त्यांनीही नाही.

ताईने व्याह्यांच्या मानपानासाठी धोतरजोडा आणला होता, आजोबांना आहेर म्हणून. मी तिच्याकडे गेलो आणि म्हटले, "जोड्यातलं एक पान मला दे."

"आणि नेसवणार कोण?"

शनिवारी पहाटे सहाला मी वाईला फोन लावला. तिकडे साडेदहा झाले होते. फोनच्या पडद्यावर अण्णा ओसरीवर बसलेले दिसले, धोतरात. मी काय हवे ते सांगितले. ते थोडा वेळ माझ्याकडे नुसते पाहत राहिले. मला वाटले, आवाज पोचला नाही.

"फोन खाली ठेव," ते म्हणाले. "दोन्ही हात लागतात."

भाच्याने फोन धरला. अण्णांच्या सांगण्याप्रमाणे मी कापड कमरेमागून पुढे आणले, गाठ मारली. "घट्ट मार. सगळं त्या गाठीवर उभं असतं." निऱ्या घेतल्या, सांडल्या, पुन्हा घेतल्या. "बोटं मोकळी ठेव. मास्तर आहेस ना, खडू धरतोस तसं धर." कासोटा मागे खोचताना मी दोनदा चुकलो आणि ते दोनदा हसले. तिसऱ्यांदा जमले. विजारीच्या मानाने पाय एकदम मोकळे वाटले आणि स्कॉटलंडच्या पहाटेचा गार वारा थेट पोटऱ्यांना लागला.

तोवर आजोबा आवाजाने जागे होऊन खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते, पूर्ण वेषात. अण्णांनी त्यांना पाहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मध्ये मी दुभाष्या.

"त्यांना विचार," अण्णा म्हणाले, "कापड किती लागतं?"

"आठ वार."

"माझं पाच." थोडे थांबून म्हणाले, "निऱ्या सगळ्या मागं दिसतात त्यांच्या. मग बसतात कसं? विचार बरं."

मी विचारले. आजोबांनी एक खुर्ची ओढून फोनसमोर आडवी ठेवली, पाठमोरे झाले, उजवा हात मागे नेऊन सावकाश निऱ्या सारख्या केल्या, आणि बसून दाखवले.

"पुन्हा एकदा," अण्णा म्हणाले. "जरा हळू."